होडी, वारा आणि बिरूचं कुत्रं

बुध. ३ जून
सकाळी बिरू धनगराचा फोन. मेंढ्या कर्नाटकातून परतीला लागल्या. मृग सरायच्या आत घरी, ईट गावाच्या बाजूला, पोचायचं आहे. मंगळवारी आमच्या शिवारात येतो म्हणाला. मग विषयावर आला.
"कुत्रं कसंय दादा?"
म्हटलं, पळतंय आता.
"पळतंय न्हवं? मग झालं."
दिवाळीनंतर जाताना त्याच्या मेंढ्या आमच्या रानात बसल्या होत्या, तेव्हा हे कुत्रं जळकोटच्या हायवेवर गाडीखाली आलं. मागचा पाय मोडला. कळपामागं चालणं शक्य नव्हतं म्हणून बिरू ठेवून गेला. आपलं नाही हे घरात सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून सुमननं नाव ठेवलं पाव्हणा. सहा महिन्यांत ते पाव्हणेपण फक्त नावापुरतं राहिलं.
विचारलं, न्यायला दोरी आणशील का? तर हसला. "बांधून नेलेलं कुत्रं मेंढरांत राहत न्हाय दादा. आमी पहाटं निघू. मागं आलं तर आमचं, बसून राह्यलं तर तुमचं. तुमीबी त्या दिवशी साखळी घालू नका."
सुमनला सांगितलं. ती म्हणाली, साखळी आहेच कुठं आपल्याकडं? आणि भांडी घासायला गेली. भांडी जरा जोरात घासली.

शुक्र. ५ जून
रविवारचा लेख आजच पाठवून दिला. पेपरातली नोकरी सुटून चार वर्षं झाली तरी मजकूर वेळेआधी गेला की जेवण चांगलं जातं.
उद्या पाव्हण्याला घेऊन तळ्यावर. शनिवार-रविवार तळ्याच्या मधल्या, चारी बाजूंनी पाणी असलेल्या टेकाडावर मुक्काम. कदाचित शेवटचाच एकत्र. सोबत मल्लिनाथ. शाळेपासूनचा मित्र, हार्डवेअरचं दुकान. तळ्यावरचं बोटिंग बंद पडलं तेव्हा तिथली निमुळती लांब होडी यानं उचलली, वल्ह्यांसकट आणि दोन लाल जाकिटांसकट. "टाकीच्याच प्लास्टिकची आहे, फुटत नाही," एवढा एकच अभ्यास.
संध्याकाळी दुकानात तयारी. मल्लूनं पाव्हण्याला खिळे तोलायच्या मोठ्या काट्यावर चढवलं. "सुम्न कूड," कानडीत दटावलं, तर खरंच गप्प बसला. माझं मराठी सहा महिने ऐकत नाही.
निकाल: सिमेंटच्या पोत्यापेक्षा कमी, खिळ्यांच्या पेटीपेक्षा जास्त. जागा होडीच्या नाकात.
सुमन येत नाही. "पाण्यात बसायचं, वाळूत झोपायचं, आणि परत आल्यावर दोघांच्या पाठीला तेल मीच लावायचं." कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र बांधून दिली. पाव्हण्याची वेगळी पुरचुंडी.

शनि. ६ जून
टेम्पोतून होडी उतरवली तेव्हा काठावर धुणं धुणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. एक म्हणाली, "आमच्याकडं पुराच्या पाण्यात काहिलीत बसून जात्यात, ही लांबडी काहिल कसली?" दुसरी म्हणाली, "गूळ पातळ होत आसंल."
मागं कोण बसायचं यावर वाद. मागचा होडी वळवतो. मल्लू म्हणाला, होडी माझी. मी म्हटलं, मला पोहता येतं. तो मागं बसला.
वारा पश्चिमेचा, पाठीमागून. वल्हं मारायची गरजच नाही. पाव्हणा नाकात उभा, कान मागे उडालेले, मधूनच वळून आमच्याकडं बघायचा, उगीच उशीर करताय असं. पाणी बरंच उतरलं आहे; काठाला गाळपेरीची जमीन उघडी, कडवळ चाऱ्याला कापून नेलेलं, खुंट तेवढे उभे. टेकाडाला लागायला वेळच लागला नाही. मल्लू खूश. "कशाला लोक पेट्रोल जाळतात?"
परतताना हाच वारा तोंडावर असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं. पण इतकं छान चाललं होतं.

शनि. संध्याकाळ
ताडपत्री बांधताना दोनदा उडाली. शेवटी बाभळीच्या आडोशाला होडी आडवी करून तिच्या पाठीशी चूल मांडली. पिठलं झालं, त्यात थोडी राख, थोडी वाळू. मल्लू म्हणे, भस्म पोटातूनही चालतं. त्याच्या गळ्यातलं लिंग वाऱ्यानं खांद्यामागं गेलेलं, सारखा पुढं ओढत होता.
पाव्हण्यानं टेकाडाची हद्द फिरून पाहिली. टिटव्यांनी त्याला हाकलून दिला. मग माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. मोडलेल्या जागी पायाला गाठ आहे, हाताला लागते. ती चोळून दिली की तो डोळे मिटतो.
मल्लू बराच वेळ बघत होता. "विकत माग ना त्याला. नाही म्हणणार नाही."
म्हटलं, बोलणं झालंय. कुत्र्यानं ठरवायचं.
"कुत्र्यानं कधी काय ठरवलंय? भाकरी जिकडं तिकडं कुत्रं."
वारा एवढा होता की न ऐकल्यासारखं करता आलं. आकाश स्वच्छ, पावसाचं नाव नाही. बरं वाटलं आज. बऱ्याच दिवसांनी नुसतंच बरं.

रवि. ७ जून
मृग लागला. पाऊस नाही, नुसता वारा. कालच्या दुप्पट. तळ्यावर लाटा, पांढऱ्या शेंड्यांच्या. चहा झाल्यावर निघून पाहिलं. टेकाडाच्या आडोशातून बाहेर आल्याबरोबर वाऱ्यानं होडीचं नाक धरून गर्रकन फिरवलं. मल्लू मागून ओरडतोय, "उजवीकडं, लेका, उजवीकडं", मी उजवीकडंच मारतोय, होडी डावीकडं. पाव्हणा आडवा झोपला, शहाणा. पाणी आत आलं. परत टेकाडावर.
अडकलो. मल्लूला घाई नाही, रविवारी दुकान बंद.
पण पाव्हण्याचं काहीतरी बिनसलं. पश्चिमेच्या टोकाला जाऊन उभा राहिला, नाक वर, वाऱ्यात. हाक मारली, आला नाही. भाकरी दाखवली, वळूनही बघितलं नाही.
मग सुमनचा फोन. एकच काडी रेंज, तुटत तुटत.
"अहो, बिरूभाऊ आलेत. मेंढ्या काल रात्रीच तळ्यावर उतरल्यात, तुम्ही होडी घातली त्याच काठाला. वर चारा नाही म्हणून मंगळवारपर्यंत थांबत नाहीत. उद्या पहाटे निघणार. पाव्हणा कुठंय विचारतायत. काय सांगू?"
म्हटलं, सांग तळ्यात आहे.
"ते सांगितलं. त्यांच्या घरच्या हौसाबाई पण आल्यात, त्या हसून बेजार झाल्या."
म्हणजे वाऱ्यावर मेंढ्यांचा वास येत होता. थांबून कान दिला तर घंटाही. एखादी, तीही मधूनच.
मल्लूला सांगितलं. त्यानं ताडपत्रीवर पाय पसरले. "वाऱ्यानंच निकाल दिला की. आपण काय साखळी घातली नाही. बसून राहायचं. उद्या दुपारी निघू, तोवर ते गेलेले असतील. तुझ्यावर बोट कुणी दाखवणार नाही."
खरं होतं. कुणीच दाखवलं नसतं. बिरू तर म्हणाला असता, वारं लई हुतं दादा, तुमी तरी काय करणार.
मीही बसलो. चांगला तासभर. पाव्हणा मात्र बसला नाही. दुखरा पाय जरा उचलून, तसाच उभा.

रवि., पुढे
दुपार कलताना म्हटलं, चल, ऊठ.
"कुठं? तिकडं जाता येत नाही."
तिकडं नाही. वाऱ्याबरोबर, पूर्वेच्या काठाला. तिथून बांधावरून वळसा घालून पायी.
मल्लूनं पसरलेले पाय आखडले. "म्हणजे मुद्दाम चुकीच्या काठाला जायचं, तेही दुसऱ्याचं कुत्रं पोचवायला."
म्हटलं, हो.
"लिहिणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये." पण उठला. जाकीट घालताना माझी दोरीही घट्ट केली.
या बाजूनं वारा आमचा होता. लाटांवरून होडी घसरत गेली. मागून पाणी चढू नये एवढंच बघायचं. पाव्हणा या वेळी उलटा बसला, तोंड मागे, सोडलेल्या काठाकडं. नाकातलं वजन थोडं सरकलं तर मल्लू म्हणाला, "सुम्न कूड." या वेळी ऐकलं नाही.
गाळात होडी टेकली न टेकली तोच उडी. मला वाटलं, पायाशी घोटाळेल, सोबत चालेल. मागं वळूनही न बघता बांधाच्या दिशेनं सुटला. तीन पायांवर नाही, चारांवर. एवढा पळताना मी त्याला पाहिलाच नव्हता.
मल्लू चिखलात उभा. "घे. पोचवायची गरजच नव्हती."
टेम्पो यायची वाट बघत तो होडीजवळ थांबला, मी चालायला लागलो. बांधावर टोपी गेली. वळसा वाटला त्याहून मोठा. मजा म्हणजे, मन हलकं होतं.
मेंढ्यांपाशी पोचलो तर पाव्हणा कळपाच्या कडेला बसलेला, जसा काही काल रात्रीपासून तिथंच आहे. मला बघून शेपटी हलवली. उठला नाही.
हौसाबाईनं चहा दिला. "ह्याचं प्वाट बघा दादा. सासरवाडीला राहून आल्यागत झालंय."
बिरूनं पाय दाबून बघितला, गाठ चाचपली. "बेस जुळलाय." मग म्हणाला, "वाऱ्यात कशाला आलात? थांबला असता तरी मला काय वाटलं नसतं."
म्हटलं, माहीत होतं.

सोम. ८ जून
पहाटे सुमन आणि मी दोघंही गेलो. कळप निघाला. बिरूनं हाक मारली नाही, मीही नाही. पाव्हणा आमच्यापाशी आला, सुमनचा हात हुंगला, माझ्या चपला हुंगल्या, आणि गेला. कडेनं, शेवटच्या मेंढीच्या मागं.
घरी येताना सुमन म्हणाली, ठरलं म्हणायचं. मी म्हटलं, ठरलं.
दिवसभर पाठ दुखतेय. तेल लावून घेतलं. टोमणा मारला नाही तिनं.

मंगळ. ९ जून
सकाळी उन्हं आली तर पाव्हणा दारात. धुळीनं माखलेला, जीभ बाहेर. आम्ही दोघं बघतच राहिलो. खाल्लं, ओट्यावर झोपला, दुपार कलल्यावर उठून निघून गेला. हायवेच्या कडेकडेनं, नळदुर्गच्या दिशेला.
बिरूला फोन. त्यांचा मुक्काम नळदुर्गच्या अलीकडं. "हितं रातभर राखण करतंय, पहाटं गायब. आता आलं बगा." त्यालाही हसू येत होतं. मागून हौसाबाईचा आवाज: "ताईला म्हणावं, भाकरी आर्धीच घाला. भरल्या पोटी पळतंय न्हवं, मरंल एखांद्या टायमाला."
मल्लूला सांगितलं तर तो दुकानात गिऱ्हाईकासमोर हसत सुटला. "त्यानं दोन्हीकडं खातं उघडलंय." मग गंभीर होऊन म्हणाला, हायवे आहे, बांधून टाक. म्हटलं, नाही.

गुरु. ११ जून
काल आला नाही. सुमन दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली, मी एकदा. तिला सांगितलं दूध आणायला गेलो होतो. दूध घरात होतं.
आज आला, पण दुपारी. कळप नळदुर्ग ओलांडून गेला. पंजे फाटलेत. हळद-तेल लावलं, लावू दिलं. अर्धी भाकरी. ताट चाटून सुमनकडं बघत बसला. तिनं तोंड फिरवलं. संध्याकाळी निघाला तेव्हा मी फाट्यापर्यंत बरोबर चाललो. तिथून पुढं तो वाट न बघता गेला.
रोज एक मुक्काम लांब. हे त्याला कळतंय का, कुणास ठाऊक. मला कळतंय.

शनि. १३ जून
बिरूचा फोन सकाळीच. उद्या तुळजापूरचा घाट चढणार, मग खाली मागं यायचं कुत्र्याला जमणार नाही. "काल रातीला हुतं. पहाटं निगालंय तुमच्याकडं. आलं का?"
नव्हता आला. दिवस असा गेला की लेखाच्या दोन ओळीही झाल्या नाहीत. वारा पडलाय, पान हलत नाही.
दिवेलागणीला आला. लंगडत. बिरूला कळवलं. म्हणाला, "बरं. आमी नेहमीसारखं निघू दादा. तुमी काय करू नका."
स्वयंपाकघरात सुमन भाकरी मोडायला बसली. हातातले दोन तुकडे पाहिले, मग दोन्ही दुधात कुस्करले. वर आणखी एक भाकरी. मी दारात उभा होतो. हौसाबाईचं 'आर्धीच' आठवलं, तरी ताट मीच बाहेर नेलं.
सगळं खाल्लं त्यानं. आता ओट्यावर बसला आहे. तोंड नळदुर्गच्या बाजूला. पंजे चाटतोय, एक झाला की दुसरा.