पांढरं पडलेलं कुंकू

सातारा,
११ डिसेंबर २०२४

प्रिय मानसिंग,

अनेक आशीर्वाद. सांगलीतही गारठा वाढला असेल, छातीला जप.

परवा आपलं रहिमतपूरचं अंगण आठवलं. आप्पांनी कॅमेरा काढला की आई हातातलं सूप ठेवून आत पळायची, कुंकू ताजं करून यायची. तोवर ऊन सरकलेलं असायचं, आप्पा चिडायचे आणि आपण दोघं पायरीवर हसत बसायचो.

माझं बरं चाललंय. गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझं इथलं प्रदर्शन पाहिलं. माण तालुक्यातली माणसं, त्यांचे हात, त्यांच्या शेळ्या, पुष्कळसं तू मायेनं टिपलंयस. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र बाजूला ठेवशील.

बयाबाई आणि त्यांचे मालक भाऊसो, दोघांना तिथं मीच नेलं. दरवर्षी त्यांची मेंढरं आपल्या रानात खतासाठी बसतात, तिथंच तर तुझी त्यांची ओळख झाली. आपला फोटो लागलाय म्हणून भाऊसो नवा पटका बांधून दहिवडीहून एसटीनं आले. दोघं बयाबाईंच्या फोटोसमोर उभे राहिले. खाली पाटी होती: 'वैधव्य, माण'. त्यांच्या सुनेनं, सोनियानं, ती वाचून दाखवली.

भाऊसो म्हणाले, "आक्कासाब, मी कवा मेलो म्हनायचं?"

सोनियाला हसू आलं. बयाबाई हसल्या नाहीत. काचेवर कपाळापाशी बोट ठेवून म्हणाल्या, "फोटू काडायचा म्हून रुपयाएवढं कुंकू लावलं हुतं मी. आवं, ह्येंच्या म्होरंच लावलं. गेलं कुठं?"

फोनवर तू मला समजावलंस. संगणकावर काळं-पांढरं करताना लाल फिल्टर लावला की आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात आणि लाल रंग पांढरा पडतो. कुंकू त्यात गेलं. बरं. मग पाटी कोणत्या फिल्टरनं लिहिलीस? फोटो काढलास तेव्हा भाऊसो तुझ्या शेजारी बसून तुला चहा देत होते. वर म्हणतोस, "चित्र माणसाचं नसतं आक्का, दुःखाचं असतं." कोणाच्या? जे दुःख तिला नव्हतं ते तू तिच्या गळ्यात घातलंस, न विचारता. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिता आम्हाला दुसऱ्या मुलीची पेन्सिलसुद्धा विचारल्याशिवाय उचलू द्यायच्या नाहीत.

आता म्हणे तेच चित्र तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाणार. तिकडे त्यांच्या गावात पोरं भाऊसोंना 'कैलासवासी, चहा घ्या' म्हणून चिडवतात. सोनिया सांगत होती, बयाबाई बाजारालाही जात नाहीत.

विधवा असणं लाजेचं आहे असं मी म्हणत नाही. मी कशी म्हणेन? तुझे दाजी गेले त्या दिवशी बायकांनी माझं कपाळ पुसलं, तेव्हा तू दारात उभा होतास. गळ्यात कॅमेरा होता, तू तो उचलला नाहीस. त्यावर आपण कधी बोललो नाही. पण तुला त्या दिवशी कळलं होतं, म्हणून आज माझा राग जास्त आहे.

आणखी एक, जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. फोटो आता त्या भिंतीवर नाही. मी उतरवला, पाटीसकट. आयोजक मागे ओरडत आले, मी रिक्षात बसून घरी आणला.

तेव्हा असं कर. मूळ रंगीत फोटो मोठा करून बयाबाईंना दे. भाऊसोंची माफी माग, ती त्यांच्या मेंढरांच्या वाघरापाशी जाऊन, चार माणसांदेखत. प्रकाशकाला दुसरं चित्र दे. चौकट मी आयोजकांना परत पाठवते, रिकामी.

'वैधव्य'ची पाटी मात्र इथंच राहील. या घरात ती जिची आहे, तिच्याकडे.

तुझी,
आक्का