आडव्या खिडक्या, उभ्या खिडक्या

रविवार, ३ ऑगस्ट
काल वणव्याच्या धोक्याची तपासणी झाली. घराला मिळालेला धोक्याचा आकडा: एकोणतीस. साडेबारा असता तर नुसत्या उडत्या ठिणग्या. एकोणतीस म्हणजे ठिणग्या, जळका पालापाचोळा आणि भरपूर धग. चाळीसच्या पुढे ज्वाळाच दारात. मी तपासनिसाला म्हणालो, मागची दरी एवढी काही जवळ नाही. तो म्हणाला, तुमच्या ओट्यापाशी उभं राहून मला निलगिरीवरच्या मुंग्या मोजता येतायत.
बायकोचं, ग्लेनिसचं, म्हणणं, डिसेंबरात उन्हाळा लागायच्या आत सगळ्या खिडक्या-दारं बदलायची. घर फुटक्या काचेतून आणि दाराखालच्या फटीतून पेटतं, असं तिला तपासनिसाने सांगितलं. माझ्या पाठीमागे.
संकल्प: सगळं काम मी स्वतः बघणार. मुदत तीस नोव्हेंबर.
नियमांचं पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर डोळा लागला. पण मथितार्थ ध्यानात आला.

शनिवार, १६ ऑगस्ट
पेनरिथला खिडक्यांच्या दुकानात. मालक स्टेलिओस, बोलका माणूस. त्याचं मत: अ‍ॅल्युमिनियमची चौकट, टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच, बाहेरून स्टीलची जाळी. जाळीची भोकं दोन मिलिमीटरच्या आत, कारण ठिणगीला त्याहून मोठी वाट लागत नाही. दार भरीव, खाली पट्टी.
मी शांतपणे सांगितलं की मला देवदार हवा. घराला व्यक्तिमत्त्व असतं.
तो म्हणाला, "देवदार? दोस्ता, काडेपेटीत राहायला जाणार आहेस का? शिवाय काकाकुवे कुरतडतील ते वेगळंच."
ग्लेनिस मान डोलावत होती. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, माझ्या बोलण्यावर तिची मान अशी कधी डोलली नाही.
मोठ्या मनाने अ‍ॅल्युमिनियमला होकार दिला. मापं घ्यायला मी येतो, असं तो म्हणाला. गरज नाही म्हणालो. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय. अख्खी खंडं मोजली, चौदा भोकं काय मोजायची?

रविवार, १७ ऑगस्ट
मोजमाप. सुरुवात ९ वाजता, समाप्ती ९.२५. अकरा खिडक्या, तीन दारं.
शेजारची लर्लीन कुंपणावरून बघत होती. वय बहात्तर, गावच्या अग्निशमन दलात अजून स्वयंसेवक, आणि जगाला सल्ले देण्याची खोड. "अरे मर्व्ह, दोनदा मोज रे," म्हणाली. मी म्हणालो, दोनदा ते मोजतात ज्यांचा पहिल्या मापावर विश्वास नसतो. वाक्य चांगलं जमलं, म्हणून इथे टिपून ठेवतो.
ऑर्डर पाठवली.

शनिवार, ६ सप्टेंबर
प्रगती: वाट पाहणे.
लर्लीनने आपल्या खिडक्यांना जाळ्या आणि पत्र्याची शटरं बसवली. बहीण मदतीला होती. दोन दिवसांत काम खलास. मी म्हणालो, ठीक आहे, पण व्यक्तिमत्त्व नाही. ती म्हणाली, "माझ्यात आहे तेवढं पुरे. खिडकीला कशाला पाहिजे?"
बाईला सौंदर्यदृष्टी नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
माल आला! ट्रकवाल्यांनी खिडक्या गॅरेजमध्ये रांगेने लावल्या. आधी वाटलं, चुकून चर्चचा माल आला. सगळ्या उंच आणि अरुंद. आपल्या घराच्या खिडक्या रुंद आणि बुटक्या.
स्टेलिओसला फोन. त्याने माझाच कागद मला वाचून दाखवला. या धंद्यात म्हणे उंची आधी लिहितात, रुंदी नंतर. मी रुंदी आधी लिहिली. म्हणजे सगळा ऑस्ट्रेलिया उलटा लिहितो, त्याला मी काय करू? फॉर्मवर ठळक छापलंय, असं तो म्हणाला. ठळक अक्षरं मी वाचत नाही. विद्यार्थ्यांनाही हेच सांगायचो, बारीक अक्षरं वाचा.
परत घेता येणार नाहीत. मापाने बनवलेल्या आहेत.
ग्लेनिसने विचारलं, "आडव्या ठेवून बसवता येतील का?" तर जाळीची कडी वर जाते आणि पाणी आत येतं. हे मी तिला समजावून सांगत असताना ती खोलीतून निघून गेली.
नवा विचार: उभ्या खिडक्या जास्त भारदस्त दिसतात. भिंत थोडी वर फोडायची आणि बाजूने थोडी भरायची. किरकोळ.

सोमवार, २० ऑक्टोबर
दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परतलो तर प्रत्येक चौकटीवर पेन्सिलच्या खुणा. ग्लेनिसला विचारलं. म्हणाली, काकाकुवे.
हुशार जात आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर
ग्लेनिस बॅथर्स्टला बहिणीकडे गेली. भांडण वगैरे नाही. दारात उभी राहून म्हणाली, "मर्व्ह, मला या घरात उन्हाळ्याची भीती वाटते. थट्टा नाही. घर राहण्यासारखं झालं की कळव."
एवढंच. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. तिने बघितलं असावं.
आता दुप्पट वेगाने काम.

शनिवार, ८ नोव्हेंबर
प्रात्यक्षिक. स्वयंपाकघराची जुनी खिडकी काढली. नवी उभी धरली. वरच्या बाजूला भिंत मधे येते, आणि तिरकी घालून पाहावी तर शेजारी एवढी जागा उरते की आपली कुत्री डचेस त्यातून दोनदा आली-गेली.
जुनी परत बसवू गेलो. काढताना तिचे चार तुकडे झाले होते.
तात्पुरती निळी ताडपत्री ठोकली. मोकळी हवा येते. खरं तर हीच मूळ कल्पना असायला हवी होती.

रविवार, ९ नोव्हेंबर
पॉसम, मांजराएवढा झाडावरचा प्राणी, आत आला. अर्धा ब्रेड, तीन केळी आणि ग्लेनिसच्या जॅमची बाटली. नियमांच्या पुस्तकाचीही काही पानं खाल्ली. चारच्या पुढची.

रविवार, २३ नोव्हेंबर
दारांकडे वळलो. दारं मापात आली आहेत, कारण दार कसंही मोजलं तरी ते दारच वाटतं, असं कारखान्यातल्या कोणाच्या तरी लक्षात आलं असावं. मागचं दार बसवलं. फट खालून एक बोट. चालेल.
डचेससाठी दारात झडप हवी. स्टेलिओसला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "वणव्यासाठी दार घेतोस आणि त्याला भोक पाडतोस? मला आता काही सांगूच नकोस." फोन ठेवला. भोक पाडलं होतंच. ग्लेनिसच्या केकच्या ट्रेची झडप बसवली.
डचेस ताडपत्रीखालूनच ये-जा करते.

रविवार, ३० नोव्हेंबर
मुदत. आढावा: बसवलेल्या खिडक्या शून्य, दार एक, भोकं दोन. काम निर्णायक टप्प्यावर आहे.
ग्लेनिसला फोन केला. कसं चाललंय, तिने विचारलं. हवेशीर, म्हणालो.

शनिवार, ६ डिसेंबर
स. १०. बेचाळीस अंश. वायव्येचा सोसाट्याचा वारा. दरीपलीकडे धूर. रेडिओवर सूचना: लवकर निघा. मी निघणार नाही. घर राखणार. योजना तयार: बादल्या चार, लोकरी घोंगडी एक.
दु. १२.४०. आकाश संत्र्यासारखं. वहीवर राख पडतेय, घरात बसून. ताडपत्री शिडासारखी फुगते आणि फाटकन आपटते. फुगली की पलीकडची दरी दिसते. मी घोंगडी घेऊन तिच्यासमोर उभा आहे. नक्की काय करायचं ते आठवत नाही.  
दु. १. लर्लीन दलाच्या ट्रकमधून उतरली. ताडपत्रीकडे बघितलं. ओरडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "मर्व्ह, कुत्री घे आणि गाडीत बस. ग्लेनिसला मी काय सांगू, ताडपत्री धरून उभा होता?"
मी म्हणालो, पाच मिनिटं.
ती म्हणाली, "आत्ता रे बाळा. आत्ता."
सदुसष्टाव्या वर्षी मला कोणी बाळा म्हणालं आणि मी गेलो.
दु. ४. बोलिंग क्लबचा हॉल, आसऱ्यासाठी उघडलेला. शंभरेक माणसं, सॉसेज-पाव, तीन पोपट. डचेस टेबलाखाली. ग्लेनिसचा फोन.  ती म्हणाली, "तू बाहेर आहेस ना? तेवढं सांग." डोळ्यांत धूर गेला होता, सांगायला वेळ लागला.

रविवार, ७ डिसेंबर
घर शाबूत. वाऱ्याने संध्याकाळी दिशा बदलली, आग खालच्या वाटेवरच अडली. फक्त ठिणग्या पोचल्या.
खिडकीच्या भोकावर छपराचा पत्रा ठोकलेला, दाराच्या झडपेवर दुसरा. लर्लीनने मी गेल्यावर पाच मिनिटांत ठोकले. मोठ्या पत्र्यावर ठिणग्यांचे काळे ठिपके. मोजले. एकोणीस. दोनदा मोजले.
पत्र्यामागे ताडपत्री वितळून भिंतीला चिकटली होती.
एकूण बघता माझ्या घराने वणव्याला चांगलं तोंड दिलं.

बुधवार, १७ डिसेंबर
सकाळी सातला ट्रक. स्टेलिओस, बसवणाऱ्या दोन बायका आणि पुढच्या सीटवर ग्लेनिस. ट्रकमध्ये अकरा खिडक्या. आडव्या.
मी दाताच्या डॉक्टरकडे होतो त्या दिवशी स्टेलिओसनेच येऊन मापं घेतली होती. ग्लेनिसने पेन्सिल धरली होती. लर्लीनने चहा केला होता.
दोन दिवसांचं काम. मी मदत देऊ केली. त्यांनी मला एक जबाबदारीचं काम दिलं, डचेसला बागेत धरून ठेवायचं. दुपारी मागचं दारही बदललं. झडप नाही, खाली पट्टी.
ग्लेनिसने चौकटीवर हात फिरवला, खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. म्हणाली, "आता राहते." मी म्हणालो, देवदार जास्त शोभला असता. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "गप बस, मर्व्ह."

शनिवार, २४ जानेवारी
अखेर दखल घेतली गेली. लर्लीनने दलाच्या सभागृहात बोलायला बोलावलं. विषय: वणवा आणि खिडक्या-दारं. तीन दिवस तयारी. चाळीस मिनिटांचं भाषण, सोबत आकृत्या.
पोचलो तर फळ्यावर लिहिलेलं: हे करू नका. खाली माझं नाव.
तरी बोललो. रुंदी-उंची सांगितली, ताडपत्री सांगितली, केकचा ट्रे सांगितला. लोक इतके हसले की भाषण तासभर चाललं. ग्लेनिस पहिल्या रांगेत, डोळे पुसत होती. पण लोक लिहूनही घेत होते. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी आपणहून लिहून घेतलं नव्हतं.
संपल्यावर एक बाई थांबली. माझा मोकळा वेळ कधी असतो, असं तिने विचारलं. सल्ला हवाय, हे मी लगेच ओळखलं. म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही खिडक्या स्वतःच मोजायच्यात. तुम्ही येऊन नुसते त्याच्यासमोर उभे राहाल का?"
गुरुवारी मोकळा आहे म्हणालो.