आमच्या घरातलं धुकं

प्रिय धाकटीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि मागच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून रागावली असशील तर तो राग इथेच गिळून टाक. गुडघे कसे आहेत? यजमान अजून घोरतात का? मी बरी आहे. हेही बरे आहेत, म्हणजे आज सकाळपासून बरे आहेत; विसरण्याच्या आजारात याहून जास्त लिहू नये.

तर, गेल्या हिवाळ्यापासून आमच्या घरात धुकं होतं. खिडकीबाहेर नव्हे, आत. चहा झाला की हे कोट चढवून खिडकीशी बसायचे आणि सांगायचे, धुकं फार आहे, आज बोट सुटायची नाही. कुठली बोट, कुठे जाणारी, हे मी सुरुवातीला विचारून पाहिलं, मग सोडून दिलं. (विचारलं की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. त्यांना खोटं पाडून मला काय मिळणार होतं?) पुढे पुढे मीसुद्धा पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसायला लागले. खरं सांगू, मला आवडायचं. पडदा हलायचा, भिंती जवळ यायच्या, लांब जायच्या, उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत सरकत आमच्या पावलांपर्यंत यायचा, आणि आम्ही दोघं न येणाऱ्या बोटीची वाट बघत बसून राहायचो. फक्त एकच गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. ते धुकं मलाही दिसत होतं. एकाच घरात दोघंही विसरायला लागली तर लक्षात कुणी ठेवायचं?

बाकीचं तुला फोनवर सांगितलंच आहे. न्हाणीघरापुढचं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं. स्वतः वळसा घालायचेच, आलेल्या-गेलेल्यालाही हाताला धरून वळसा घालायला लावायचे. कपाटाच्या आरशातल्या गृहस्थांना रोज आपली खुर्ची द्यायचे, आणि ते बसत नाहीत म्हणून स्वतःही उभे. मी उजवीकडून काही विचारलं तर डावीकडच्या रेडिओला उत्तर द्यायचे. आणि एके दिवशी मला अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही घरी कधी जाणार?" त्यानंतरच मी तुला फोन केला आणि तू विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत त्यांच्यासाठी जागा बघितलीस.

संस्थेनं आधी कान-डोळे तपासून आणायला सांगितलं. निघायच्या वेळी कानातलं यंत्र गायब. साखरेचा डबा, बूट, उशीचा अभ्रा, सगळं उलटंपालटं केलं, शेवटी तसेच गेलो. कान तपासणाऱ्या बाईंनी ह्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि यंत्र सापडलं. शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या जागी. पक्क्या दोऱ्यानं, गाठ आतून, अगदी नीट शिवलेलं. (जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, बटण तुटलेलं त्यांना कसं चालेल?) मी शरमेनं अर्धी झाले, पण बाई म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, फक्त दोरा कॉलरला बांधू, म्हणजे यंत्र पडलं तरी हरवणार नाही. मग त्यांनी कानातून मळ काढला (किती, ते विचारू नकोस), मेलेली बॅटरी बदलली आणि यंत्र बसवून कागदाची घडी घातली. हे दचकून वळले. "कुणीतरी रेशीम फाडतंय," म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं सुख होतं की बाईंनी एक कागद खरोखरच फाडून दाखवला.

डोळ्यांच्या दवाखान्यात खरी फजिती झाली. डॉक्टरबाईंनी ह्यांचा चष्मा नंबर बघायच्या यंत्राखाली धरला, मग माझ्याकडे बघितलं, माझाही मागून घेतला. "आजी, तुम्ही दोघं एकमेकांचे चष्मे कधीपासून घालताय?" काळ्या काड्यांचे दोन सारखे चष्मे. (जोडीनं शोभून दिसतील, हा हट्ट कुणाचा होता ते आठवून बघ.) बाईंनी काचा पुसून ज्याचा त्याला चढवला. ह्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग ती माझ्यावर येऊन थांबली. मी नाव ऐकायला जीव कानात गोळा करून बसलेली. ते म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पॅड घालावं लागेल." हेच वाक्य ते पहिल्या भेटीत, माझ्या कोटाचं माप घेताना म्हणाले होते. तेव्हा मी रागावले होते. या वेळी रागवायचं राहूनच गेलं.

आजार गेला असं नाही. नाव अजून येत नाही. पण आता पायपुसणं फिकट आहे, आरशावर चादर आहे, आणि मला घरी पाठवायची घाई कुणाला नाही. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं पिशवी घेऊन खिडकीशी बसले. हे रस्त्याकडे पाहत म्हणाले, "धुकं निवळलं." मी विचारलं, मग बोट? "कसली बोट?" म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्याच डोक्याची काळजी वाटतेय. मला उगाच चुटपुट लागली.

तुझी,
थोरली

ता. क. : संस्थेला कळव, जागा दुसऱ्या कुणाला द्या. पण गोड बोलून कळव. पुढचं कुणी पाहिलंय.

आणखी एक ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्यांचे डोळे ठीक आहेत. मोतीबिंदू मला आहे, आणि चांगला पिकलाय. तेव्हा ऑपरेशनला तू ये आणि ह्यांच्यापाशी बस. समोर बस, उजेड तुझ्या तोंडावर येऊ दे, रेडिओ बंद कर, एका वेळी एकच गोष्ट विचार. ओरडू नकोस, तू ओरडतेस. खांद्यांबद्दल काही म्हणाले तर मनावर घेऊ नकोस.

शेवटची ता. क. : पाकिटावर पत्ता लिहिताना ह्यांनी विचारलं, कुणाला पत्र? म्हटलं, बहिणीला. थोड्या वेळानं, "आणि तुमचे यजमान?" मी म्हटलं, तुम्हीच की. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. मी तुम्हाला लग्नाचं विचारणारच होतो."