दाराचं चित्र

शुक्रवार, १४ तारीख

ताई, नमस्कार.

तुमचा भोवरा कसा आहे? (हे नाव तुमचंच, पण आता आम्हीही त्याला तेच म्हणतो.) जेवतोय ना? इकडे सगळं ठीक आहे. त्याची खुर्ची जागची हलू दिलेली नाही. पाच वर्षांचा असला तरी वीतभर फरक त्याला लगेच कळतो.

नाही, सगळं ठीक आहे हे खरं नाही. बुधवारपासून दार वाजलं की मी मुलं मोजते. सहा भरली तरी पुन्हा मोजते.

बुधवारी मावशी एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत बसल्या आणि भोवरा निसटला, असं तुम्हाला सांगितलं गेलं. ते अर्धंच आहे.

स्वमग्न मुलांच्या या वर्गात बाई, मदतनीस मावशी आणि मी, स्पीच थेरपिस्ट, अशा तिघी मिळून काम करतो. काहीही बदलायचं तर आधी तिघींनी बोलायचं, हा नियम. भोवरा बोलत नाही. हवं त्याचं चित्राचं कार्ड फळ्यावरून काढून हातात देतो. दाराचं चित्र दिलं की मावशी त्याला मैदानावर नेतात. सोमवारी त्याने ते एकेचाळीस वेळा दिलं. त्याला थांबायला शिकवावं म्हणून मंगळवारी मी ते चित्र काढून घेतलं. कोणालाच सांगितलं नाही. आधी आकडे हाती येऊ देत, मग बोलू, असा माझा हिशोब. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

चित्र आलं नाही म्हणजे त्याला बाहेर जायचं नाही, हा मावशींचा दोन वर्षांचा अनुभव. म्हणून त्या निर्धास्तपणे खाली वाकल्या. अकरा मिनिटांनी तो रस्त्यावर दोन ट्रकच्या मधे सापडला, कान गच्च दाबून. मागच्या ट्रकचं इंजिन सुरू होतं.

मावशी मोठ्या बाईंना एकच सांगत होत्या, "अहो, त्यानं मागितलंच नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी शेजारीच होते. ज्याला तोंडाने मागता येत नाही त्याचं मागणं माझ्या खिशात होतं, आणि मी गप्प राहिले.

सोमवारी दहाला बैठक आहे, तुम्हालाही बोलावलंय. मावशींना काढायचं जवळजवळ ठरलंय. तुमच्या तक्रारीचाही आधार घेतलाय. मला तुमची भीती वाटते, नोकरी जाण्याची वाटते. बैठकीत हे सगळं मी सांगणार आहे. पण बुधवारी उघडलं नाही ते तोंड सोमवारी उघडेल, याची हमी मला देता येत नाही. म्हणून हे पत्र आजच तुमच्या दारात आणून देतेय. मी गप्प बसले तर तुम्ही ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

माझ्या धीरावर विसंबू नका, एवढंच मागणारी,
भोवऱ्याची थेरपिस्ट