उलटा बाण आणि चिमटीची शाळा

तीर्थरूप मामांच्या पायांवर माझं डोकं (हात ठेवत नाही, त्यांना पांढरा रंग लागलाय आणि तो साबणाला दाद देत नाही). तुमची पाठ कशी आहे? शिवणयंत्रावर वाकून बसू नका असं मामी सांगते, आणि ‘मग काय आडवा पडून शिवू?’ असं तुम्ही विचारता, हे मला इथवर ऐकू येतं. माझी तब्येत उत्तम. वजन वाढलंय, पण ते बुटांना चिकटलेल्या रंगामुळे असावं.

फोनवर मामीकडून चिमटीचं कळलं. वर्गात धडा मोठ्यानं वाचताना ती अडली, वर्ग हसला, बाईही म्हणे जरा हसल्या, आणि तेव्हापासून ही शाळेतच जात नाही. म्हणते, मी ढ आहे, मला यंत्रावर बसवा. आणि तुम्ही (रागावू नका) गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, ‘बसू दे. हिच्याही डोक्यात भावासारखाच भुसा.’ भाऊ म्हणजे मी. माझ्या भुशाबद्दल तक्रार नाही. आठवीनंतर शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं ते दोघांच्याही भल्यासाठी. पण माझ्या बहिणीनं पंधराव्या वर्षीच आपली किंमत ठरवून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. म्हणून इथे काय घडलं ते सांगतो.

हल्ली मी रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीत आहे (याआधी बेकरीत होतो; मधली दोन ठिकाणं विचारू नका). दोरी ताणायची, साचा ठेवायचा, वरून रंग मारायचा. साचा म्हणजे पत्रा, त्यात बाणाच्या आकाराचं भोक. तुम्ही जाड कागदाचे नमुने कापून ठेवता तसंच. गेल्या आठवड्यात चौकाजवळ उजवीकडे वळायचा बाण मारायचं काम मुकादमानं माझ्यावर सोपवलं. (त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत खिडक्या उघडतात.) आता साच्याच्या वरच्या बाजूला जुन्या रंगाचे थर बसलेले, बघवत नव्हते. मामीनं लहानपणापासून टापटीप शिकवलेली. म्हटलं, चारचौघांच्या रस्त्यावर मळकी बाजू कशाला वर ठेवा? पत्रा उलटा केला, स्वच्छ बाजू वर आणली आणि बाण मारला. सुरेख आला. कडा अशा, की तुम्हीसुद्धा बोट फिरवून बघितलं असतं. फक्त तो डावीकडे वळत होता.

डावीकडे रस्ता नाही. लाँड्रीचं आवार आहे. सकाळी आधी दूधवाल्याचा टेम्पो आत शिरला, त्याच्या मागे एक डॉक्टरीण, डॉक्टरणीमागे गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची गाडी, आणि मास्तर शिकाऊ माणसाला बजावतायत, ‘बाण दिसला ना? मग स्वतःचं डोकं चालवायचं नाही!’ समोर भिंत, दोरीवर चादरी, चादरींमागून लाँड्रीवाल्या मावशी काठी घेऊन येतायत, तरी मागची गाडी वळतेच. बाण चुकला असेल असं एकालाही वाटलं नाही, मामा. ज्याला त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. एकानं तर आलोच आहोत तर म्हणून दोन शर्ट इस्त्रीला टाकले.

भोंग्यानं मला बाणावर उभं केलं. असं उभं राहायची मला शाळेपासून सवय आहे: मान खाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची (बुटात जमत नाही). तो ओरडला, ‘डोळे आहेत का बटणं?’ आणि मग तेवढ्याच मोठ्यानं, ‘साचा उलटा पडलाय. तू सरळच आहेस. उचल ती खरवडणी, काढ हा रंग, दुपारपर्यंत सरळ बाण हवा मला इथं!’ मामा, इतक्या मोठ्या आवाजात माझ्याबद्दल कुणी बरं बोललेलं नव्हतं. आपल्याकडे वाईट बोलायचं ते दुकानात, चांगलं बोलायचं ते घरात, दार लावून. दुपारी नवा बाण मारला आणि गाड्या उजवीकडे जायला लागल्या. मी उगाच त्यांना हात करत उभा होतो. लाँड्रीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘चालता धंदा बसवलास माझा.’

चिमटीचंही असंच झालंय. कुणीतरी पुढ्यात ‘ढ’ असा बाण मारला आणि ही शहाणी मुकाट वळली. तिच्यात दुसरी काहीतरी कला असेल, असलं मात्र तिला सांगू नका. माझ्याबद्दलही पाहुण्यांना तसं सांगितलं जायचं, ती कला अजून सापडलेली नाही. तिला एवढंच सांगा, की वाचताना अडणं म्हणजे वाचताना अडणं. त्यापुढे काही नाही. (तुम्ही शिवलेल्या पहिल्या विजारीचे दोन्ही पाय डावे होते, असं मामी म्हणते. तुम्हाला कुणी भुसा म्हटलं?) आणि हे गिऱ्हाइकांदेखत सांगा, कारण भुसाही त्यांच्यादेखतच निघाला होता.

मामीला नमस्कार, तुमच्या पाठीला मलम.

तुमचाच भाचा

ता. क. मामा, हे पत्र तुम्ही वाचत नाही आहात, हे मला ठाऊक आहे. तुमचा चष्मा सकाळपासून सापडत नाहीये, मामीच्या हातात नेमकं काम आहे, म्हणजे समोर बसून मोठ्यानं वाचतेय ती चिमटीच. चष्मा मामीनं माझ्या सांगण्यावरून लपवलाय. तो मिळेपर्यंत कृपा करून कुणाचंही कापड कापू नका.

ता. क. दुसरा. चिमटे, ‘खरवडणी’पाशी अडली असशील. लिहिताना मीही तिथेच अडलो. भोंग्याला विचारलं, तर सगळ्या चौकाला कळलं. पण तू इथवर आलीस, आणि मामा उठून गेले नाहीत. मध्ये हसले असतील, तर माझ्या बाणाला हसले, तुला नाही. सोमवारी शाळेत जा.

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. मामा, चष्मा मिळाला तरी उद्यापासून पेपर हिच्याकडूनच वाचून घ्या. ती अडली की शब्द सांगायची घाई करू नका. गप्प बसा, सुईत दोरा ओवत राहा. शब्द तिचा तिला सापडतो, आत्ताच ऐकलंत.