पानाला गाडी कशाला?

१२ जुलै २०२५, शनिवार

काष्टीहून आत्ता आले. पाय चिखलात, डोकं उकळतंय! आमच्या विद्यापीठाचा हा सर्पदंशाचा प्रकल्प, आणि गावातल्या एकाही बाईला म्हणे साप चावलेला नाही. 'साप चावला होता का?' विचारलं की पदर तोंडाला लावतात – 'न्हाई बाई, नाव काढू नका.' मी आपली सगळीकडे 'नाही' लिहीत सुटले. आमचे विभागप्रमुख नृसिंह सर खूश – 'जनजागृतीचा परिणाम दिसतोय!' डोंबलाची जनजागृती. पण मी 'हो सर' म्हणाले. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात आहे.

गाजरगवतात हिंडून हात लाल झालेत. नुसती खाज.

१३ जुलै, रविवार

जेवायला बसले तर राजनंदिनीचा फोन. पालक-शिक्षक योजनेत माझ्याकडे असलेली मुलगी, एम.ए.च्या पहिल्या वर्षाची, काष्टीचीच; तिच्या हॉस्टेलच्या अर्जावर माझीच सही असते. सुट्टीला घरी गेलीये. धापा टाकत होती. 'मॅडम, आईला पान लागलंय. बाजरी खुरपायला गेल्ती. प्रकल्पाची गाडी मिळंल का?'

म्हटलं, अगं, पानाला गाडी कशाला? माझेही हात कालपासून खाजताहेत. साबणाने धू, खोबरेल लाव, उतरेल.

'बरं मॅडम' म्हणाली आणि फोन ठेवला. रविवारीसुद्धा पोरी सोडत नाहीत! वरण गार झालं.

१४ जुलै



राजनंदिनी तासाला नव्हती. हॉस्टेलवरची तिची मैत्रीण मोनिका म्हणाली, 'तिच्या आईला पान लागलं ना मॅडम. नगरला आयसीयूत हायेत.'

'पानाने आयसीयू?'

मोनिका अगदी कानाशी येऊन म्हणाली, 'घोणस, मॅडम. आमच्यात चावली म्हनत न्हाईत. नाव घेतलं की इख चढतं म्हंत्यात. पान लागलं म्हनायचं.'

साबणाने धू म्हणाले मी. खोबरेल लाव म्हणाले! सर्पदंशावर संशोधन करणारी मी! गाडी तेव्हा विभागाच्या दारात उभी होती. स्वच्छतागृहात जाऊन ओकले. तोंड धुतलं आणि पुढच्या तासाला गेले, काय शिकवलं आठवत नाही.

१५ जुलै

फोन लावला. उचलत नाही. बरंच झालं – उचलला असता तर काय बोलणार होते?

१६ जुलै

दवाखान्यात जाऊन आले. आईचं नाव रतनबाई. काचेतून पाहिलं, पाय मांडीपर्यंत काळानिळा. मूत्रपिंडं बंद पडलीत, डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

वडील, कानिफनाथ, हात जोडून उठले. 'टेम्पो गावंस्तोवर लई येळ गेला, मॅडम. तुमी आलात, धीर आला.' म्हणजे तिने घरी सांगितलेलंच नाही! राजनंदिनी भिंतीला टेकून उभी होती. हिने मान वर करू नये, एवढंच मला वाटत होतं. तिने मला चहा आणून दिला. मी तो प्यायलेसुद्धा.

१८ जुलै

नृसिंह सरांनी बोलावलं. गावातून तक्रार आलीये, तिचा फोन शेजाऱ्यांनी ऐकला होता म्हणे – गाडी मागितली, दिली नाही. येत्या आठवड्यात सगळ्यांसमोर विचारणा. 'अनन्या मॅडम, नेमकं काय झालं ते सांगायचं.'

सांगणार. ठरलं. देवापुढे बोलून ठेवलंय. नोकरी गेली तर गेली – लिहायला काय जातंय! दाराची कडी वाजली तरी दचकते. रतनबाई बऱ्या होऊ देत, बाकी काही मागत नाही. खरं म्हणजे मागतेय. कुणाला कळू नये, हेही मागतेय.

२० जुलै

रतनबाई गेल्या.

२४ जुलै

विचारणा झाली. राजनंदिनीला सुतकातच बोलावून घेतलं होतं. सरांनी आधी मला विचारलं. सगळं सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाले, 'साप चावला असं ती म्हणालीच नाही, सर.'

सरांनी तिच्याकडे पाहिलं. 'व्हय सर,' ती म्हणाली. 'मीच नीट बोलले न्हाई.'

बाहेर जिन्यात तिने मला गाठलं. आता ही बोलणार, शिव्या देणार – मी कठडा घट्ट धरला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, 'मॅडम, माझं हॉस्टेल तर काढून घेनार न्हाई ना तुमी?'