समाधानी घरं

प्रिय धाकट्या,

अक्षर पाहून हसू नकोस. हातमोजे घालून लिहितेय, आणि कागदही जोडणीच्या पाठकोऱ्या पावत्यांचे आहेत. गाडी बंद करून आत बसलेय, काचेवर आतून बर्फ धरलाय. हाताशी तासभर आहे, आणि तुझ्याशी तासभर बोलायला मिळणं काही रोजचं नाही. फोनवर तू पहिल्या मिनिटाला ‘हं, बोल ताई’ म्हणतोस आणि दुसऱ्या मिनिटाला तुला कोणीतरी हाक मारतं. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही.

माझं काम जोरात चाललंय. या हंगामात तीनशे बारा घरांच्या हीट पंपांना तुमच्या कंट्रोल रूममधून चालणारी डबी जोडली. समजावून सांगायची माझी रीत तुला माहीत आहे. हा पंप बाहेरच्या गार हवेतूनसुद्धा ऊब ओढून आणतो, पण संध्याकाळी सगळ्यांचे पंप एकदम ओढायला लागले की विजेच्या तारांवर ताण येतो. मग कंपनी थोडा वेळ तुमचा पंप थांबवते, डबीवर पिवळा दिवा लागतो. फारच गारठलात तर हे ‘नको’ लिहिलेलं बटण दाबा, पंप पुन्हा सुरू होईल. एवढं सांगून मी हळूच पुढचं वाक्य टाकायचे, शक्यतो दाबू नका हं, सगळ्यांनी थोडं थोडं सोसलं तर कोणाकडेच अंधार होणार नाही. लोक माना डोलवायचे. ज्याने जोडलेल्या घरांतून सगळ्यांत कमी ‘नको’ येतात त्याचं नाव ऑफिसातल्या फळ्यावर सगळ्यांत वर लागतं. हिवाळा लागल्यापासून माझं नाव तिथून हललेलं नाही.

बाबांकडची डबीही मीच बसवली, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. तीस वर्षं बस चालवली, पण धावत येणाऱ्या माणसाला त्यांनी कधी मागे सोडलं नाही. उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी खायची आणि घरी येऊन शीळ घालत भांडी घासायची. आई वैतागायची, माणसाने इतकं समाधानी असू नये म्हणायची. म्हणून तर कधीच ‘नको’ न दाबणाऱ्या घरांच्या गटाला तू ‘समाधानी’ नाव दिलंस, आणि बाबांवरून सुचलं म्हणून मला सांगितलंस, तेव्हा मी एकटीच खदखदून हसले होते. कंपनीला नाव आवडलं. मग ठरलं की ताण आला की आधी समाधानी घरं थांबवायची, ती कुरकुर करत नाहीत. वीस मिनिटांचा तास झाला, तासाचे तीन झाले. तुलाही आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाबा त्या पिवळ्या दिव्याला काय म्हणतात, माहीत आहे? धाकट्याचा निरोप. दिवा लागला की टीव्ही बंद करतात, खोलीतले दिवेही मालवतात, तुला तेवढीच मदत म्हणून, आणि कोट चढवून डबीसमोर बसतात. शेजारच्या काकूंना सांगतात, मुलगा कामावर आलाय, आत्ताच कळवलं त्याने. तुझा फोन येऊन चार महिने झाले, निरोप मात्र रोज संध्याकाळी येतो. एकदा मी रागावून विचारलं, गारठता कशाला, बटण का दाबत नाही? मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगा एवढंसं मागतो आणि मी त्याला नको म्हणू?

मागच्या गुरुवारी पारा शून्याखाली एकोणीसवर गेला, तेव्हा तुम्ही समाधानी घरं दुपारपासून पाच तास थांबवलीत. साडेसातला काकूंचा फोन आला, बाबा दार उघडत नाहीत. किल्ली माझ्याकडे होती. बाबा खुर्चीत, कोटात, डोळे उघडे. मला आईच्या नावाने हाक मारली. अंगाला थरथर नव्हती, म्हणून मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, थरथर थांबते तेव्हाच घाबरायचं असतं. तीन दिवस हॉस्पिटलात होते. त्याला कळवू नकोस, आपण बंद केलं म्हणून मनाला लावून घेईल, अशी शपथ त्यांनी मला घातली. ती मी आत्ता मोडतेय, आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही.

घरी आल्यावर त्यांनी आधी डबी जागेवर आहे ना ते पाहिलं. काढते म्हटलं तर डोळ्यांत पाणी आलं. शेवटी ते झोपलेले असताना मी पंपाकडे जाणारी तार तोडली आणि दिव्याची तेवढी ठेवली. आता तुझा निरोप येतो, ते कोट घालून बसतात, आणि घर ऊबदार राहतं. काल म्हणाले, यंदा थंडी लवकर ओसरली.

त्यांच्या दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या. डबी माझ्याच हातची. माझं ते वाक्य ऐकून त्यांनी मला वर चहा पाजला होता. त्या शनिवारी घरात मृत सापडल्या. कंपनीच्या नोंदीत त्यांचं घर अजूनही समाधानी आहे. तेव्हापासून मी दारोदार सांगत फिरतेय, बटण दाबा. सगळे हसून म्हणतात, आम्हाला काही त्रास नाही हो. मी शिकवलेलं त्यांनी नीट लक्षात ठेवलंय.

आज पुन्हा गुरुवार आहे आणि पारा त्याहून खाली जायचाय. साहेबांकडे तीनदा गेले, अर्ज करा म्हणाले. तुला फोन लावला, पण कामाची पाळी सुरू झाली की तुमचे फोन कप्प्यात कुलूपबंद. म्हणून मी तुमच्याच फाटकाबाहेर उभी केलेल्या गाडीत बसलेय. चौकीदारदादा म्हणतात, माणूस आत सोडता येणार नाही, कागद चारच्या चहाबरोबर जाईल. पाच वाजता समाधानी घरं सहा तास थांबवायची आहेत, आणि ते बटण तुझ्या बोटाखाली आहे. सोबत एकसष्ट पत्ते जोडलेत. तिथे एकेकटी म्हातारी माणसं राहतात, आणि त्यांतलं कोणीही तुला नाही म्हणणार नाही. त्यांच्या वतीने आणि बाबांच्या वतीने मी म्हणतेय. नको. धाकट्या, नको.

तुझीच,
तू बाहेर येईपर्यंत फाटकाशी थांबलेली,
ताई